फुलपट्टीची वही : ताण, चुनखडी आणि रस्त्यावरचा दिवा

१९ मे २०२४

सभेत ठरलं ते आधी लिहून ठेवते, कारण आमच्या फ्लॅट स्कीममध्ये ठराव पटकन होतात आणि दिवाळीपर्यंत कोणाच्याच लक्षात राहत नाहीत. रस्त्याकडच्या जाळीच्या कुंपणालगतची पूर्व-पश्चिम पट्टी फुलझाडांसाठी, लांबी ६० फूट, रुंदी ४ फूट. मंजूर रक्कम १२,००० रुपये. अट एकच : वर्षभर रंग दिसला पाहिजे. ज्यांनी ही अट घातली त्यांनी मे महिन्यात नागपूर सोडून नातेवाइकांकडे जायची तिकिटं आधीच काढलेली आहेत.

आजवरची पद्धत अशी होती की डिसेंबरात नर्सरीतून फुललेल्या कुंड्या आणायच्या, फेब्रुवारीपर्यंत फोटो काढायचे आणि मार्चमध्ये त्या गच्चीवर रिकाम्या पडायच्या. या वेळी फुललेलं रोप विकत घ्यायचं नाही, एवढं मी मंजूर करून घेतलं.

आज पट्टीची पाहणी केली. गेटाजवळ दोन बोगनवेली, एक जमिनीत आणि एक कापलेल्या ड्रममध्ये. मधल्या भागात इक्झोराची ओळ, पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. एक जुना गुलाब, एक कण्हेर. पश्चिमेच्या टोकाला कुंपणाबाहेर महापालिकेच्या दिव्याचा खांब. माती अस्सल काळी, कापसाची. भेगा इतक्या की मनगटापर्यंत हात जातो. वरच्या वीतभर थराचा रंग थोडा वेगळा आहे. मागच्या वर्षी २३ सप्टेंबरला अंबाझरी तलाव ओसंडून पाणी वस्त्यांत शिरलं, तेव्हा बसलेला गाळ आहे तो. खणताना पांढरे खडे निघाले. त्यांच्यावर व्हिनेगर टाकलं तर फस्सकन फेस आला, म्हणजे चुनखडी. मातीचा अहवालही तेच सांगतो : सामू (पीएच) ८.२. पाणी बोअरचं, कुंड्यांच्या काठावर पांढरी रेघ उमटवणारं.

३१ मे

नवतपा, म्हणजे मेअखेरचे तापलेले नऊ दिवस, सुरू आहे. काल शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश दाखवले, देशभर बातमी झाली. सेन्सरचा दोष होता हे नंतर कळलं. दुसऱ्या काही केंद्रांवर ४४-४५ होतं. आमच्याकडे मात्र ५६ वर विश्वास ठेवणारे बरेच निघाले, दुपारी दोनला पार्किंगमध्ये उभं राहून बघितलं असतं तर कोणीही ठेवला असता.

या उन्हात आपण होऊन उभं काय आहे ते टिपलं. बोगनवेल, कण्हेर, सदाफुली, पार्किंगच्या कडेचं ऑफिस टाइम (पोर्तुलाका) आणि तळमजल्यावरच्या काकूंचं अडेनियम. बाकी जे आहे ते जगतंय, फुलत नाही. म्हणजे एप्रिल ते जून या पट्टीचा रंग याच पाच जणांकडून घ्यायचा. नर्सरीवाला म्हणेल पेटुनिया जाळीखाली चालते. चालत नाही.

इक्झोराच्या पानांच्या कडा का करपतात त्याचा छडा लागला. रात्री झोपण्याआधी तळमजल्यावरचे लोक कूलरची टाकी रिकामी करतात, ते पाणी झाडांना घालतात. भावना चांगली. पण कूलरमध्ये दिवसभर पाणी उडून जातं, क्षार मागेच राहतात, आपण वरून पुन्हा तेच जड पाणी भरतो. संध्याकाळपर्यंत टाकीत जे उरतं ते मूळ पाण्यापेक्षा कितीतरी खारट. कूलरच्या ताट्यांवर जो पांढरा थर बसतो, तोच थर आपण इक्झोराच्या मुळाशी नेऊन ओतत होतो. चिठ्ठी लावली : कूलरचं पाणी अंगण धुवायला वापरा, झाडांना नको. एका काकांनी विचारलं, "मग कण्हेरीला चालेल का?" कण्हेरीला चालेल. कण्हेरीला काहीही चालतं.

रिकामी पट्टी खणून, भिजवून पारदर्शक प्लास्टिकने झाकली. कडा मातीने दाबल्या. चार-सहा आठवडे असं ठेवलं की वरच्या थरातली बुरशी, किडींची अंडी आणि तणाचं बी उन्हाने मरतं. पावसाआधी तेवढा वेळ मिळणार नाही, पण नागपूरचं ऊन हिशेबात धरलं की निम्मा वेळही वाया जात नाही. काळं प्लास्टिक घेऊ नये. ते स्वतः तापतं, माती कमी तापते.

१५ जून

मृग लागून आठवडा झाला, ढग येतात आणि गोरेवाड्याकडे निघून जातात. प्लास्टिक काढलं, गादीवाफा भरला.

विटांची नऊ इंच उंच कड. काळ्या मातीचं दुखणं उन्हाळ्यात भेगांचं आणि पावसाळ्यात चिखलाचं, दोन्हीचं मूळ एकच : तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आकसते. सचिव म्हणाले, एक ट्रॉली रेती टाका. थोडी रेती काळ्या मातीत मिसळली तर वीट तयार होते, बाग होत नाही. त्याऐवजी कुजलेलं शेणखत, पालापाचोळ्याचं खत आणि भंडाऱ्याकडून येणाऱ्या गाड्यांमधला अर्धवट जळलेला धानाचा तूस घेतला. तूस स्वस्त, हलका, आणि त्याच्या आधाराने माती मोकळी राहते. निंबोळी पेंड पाच किलो. तळाला मुरूम.

माळीदादा काटोलकडचे. घरी संत्र्याची बाग होती, विहीर आटली तशी विकली. त्यांनी मूठभर माती दाबली, उघडली, बोटाने टोचली. ढेकूळ भुरभुरलं. "आता चालते, ताई."

७ जुलै

पाऊस लागला. पावसाळी पेरणी झाली, उगवणही झाली : तेरडा, कोंबडा, झिनिया, कॉसमॉस, बटन. हे सगळं सरळ वाफ्यात टाकायचं बी आहे, लाड नकोत. बटनाच्या बीवर कापसासारखं आवरण असतं, म्हणून ते रात्रभर भिजवून चोळून टाकलं.

झेंडूचं बी मात्र ट्रेमध्ये, पुढच्या आठवड्यात. दसऱ्याला फुलं हवी असतील तर जुलैच्या मध्यात पेरायचं, आधी पेरलं तर गणपतीतच फुलून थकतो.

शेवंतीच्या काश्या काढल्या. जुन्या कुंड्यांतल्या बुंध्यातून फुटलेले मुळासकट कोंब. प्रत्येक काशी चार इंची पिशवीत, सावलीत. चार रंग आहेत : पांढरी, पिवळी, तपकिरी लाल आणि एक फिकट जांभळी जिचं नाव कोणालाच माहीत नाही.

२१ जुलै

काल धुवाधार. पट्टीत पाणी साचलं नाही, नऊ इंचांचे पैसे वसूल. पण जुन्या, खालच्या पातळीवरच्या सदाफुल्या गेल्या. आधी एक फांदी मान टाकते, खोडावर काळपट ओला डाग, मग चार दिवसांत सगळं झाड. ही ओल्या मातीतली बुरशी. सदाफुली मूळची मादागास्करची, ऊन आणि कोरडी मुळं ही तिची सवय; उन्हाळ्यात जी कशालाच भीत नाही ती पावसाळ्यात पाण्यानेच मरते. मेलेली रोपं मुळासकट काढून कचऱ्यात, खतात नाही. नवी रोपं कुंडीत करून सज्ज्याखाली ठेवणार.

रेन लिलीने मात्र कमाल केली. पहिल्या मोठ्या पावसानंतर चार दिवसांनी, कोणी काही न करता, गुलाबी.

बोगनवेलीला हात-हात लांब कोंब आलेत, सगळा हिरवा पाला. सचिवांना वाटतं खत कमी पडलं.

४ ऑगस्ट

आजचा दिवस इक्झोराचा.

कूलरचं पाणी बंद होऊन दोन महिने झाले, कडा करपायच्या थांबल्या. पिवळेपणा तसाच. पान जवळून पाहिलं तर जुनी, खालची पानं हिरवी आहेत. शेंड्याची नवी पानं पिवळी, जवळजवळ लिंबाच्या सालीच्या रंगाची, आणि त्यांच्यावर हिरव्या शिरांचं बारीक जाळं उठून दिसतं. नत्र कमी पडलं तर उलट होतं, जुनी पानं आधी पिवळी पडतात, कारण झाड त्यांच्यातलं नत्र काढून नव्यांना देतं. लोह असं काढून देता येत नाही. म्हणून नव्या पानांचे हाल म्हणजे लोहाची तक्रार. युरिया घालून ही पानं हिरवी होणार नाहीत, उलट जास्त नवी पिवळी पानं येतील.

तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी गंजलेले खिळे आणून दिले, मुळाशी पुरायला. त्यांच्या समाधानासाठी दोन पुरले. काळ्या मातीत लोह कमी नसतंच मुळी. सामू आठच्या वर असला की ते अशा रूपात अडकून पडतं की मुळांना उचलता येत नाही, आणि चुनखडी तो सामू खाली येऊ देत नाही. कुलूपबंद तिजोरीत आणखी नोटा टाकून काय होणार?

दुकानात "चिलेटेड लोह", म्हणजे एखाद्या रसायनाने धरून ठेवलेलं लोह, मागितलं तर बहुतेक ठिकाणी ईडीटीए असलेलं पाकीट पुढे करतात. ते फवारणीला ठीक आहे. पण आपल्या मातीत मुळाशी घातलं तर लोह सोडून देतं, कारण सामू साडेसहाच्या वर गेला की त्याची पकड ढिली होते. मातीत घालायचं तर ईडीडीएचए असलेलं घ्यावं, लालसर तपकिरी, पाण्यात टाकलं की रक्तासारखा रंग येतो. महाग आहे, पण लागतं चिमूटभर. सोबत तात्पुरता उपाय म्हणून फवारणी : एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि १ ग्रॅम सायट्रिक आम्ल, संध्याकाळी. पुढचं लक्ष नव्या पानांवर ठेवायचं. जुनी पिवळी पानं पूर्ण हिरवी होतील अशी आशा धरू नये.

शेवंतीचे शेंडे खुडले, दुसऱ्यांदा. ऑगस्ट संपेपर्यंत खुडायचं, पुढे हात लावायचा नाही.

१० सप्टेंबर

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीला, माळीदादा सुट्टीवर, पुढचे दोन दिवसही. त्यात मुलांनी तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलांना सजवायला कोंबडा आणि झिनिया अर्धा साफ केला. फुलं त्यासाठीच होती, चालायचंच. झिनियाच्या खालच्या पानांवर भुरी आली आहे. दाट झालं होतं, मुलांनी विरळणीच केली म्हणायची.

आज महालक्ष्म्या बसल्या. आमच्याकडे सगळीकडे मुखवटे. फक्त दुसऱ्या मजल्यावरच्या रत्नागिरीच्या काकूंकडे तेरड्याची गौर, त्यांना मुळासकट रोपं लागतात. पश्चिम टोकाचा अख्खा जांभळा तेरडा त्यांना दिला. काढताना शेंगा फटाफट फुटल्या, पुढच्या वर्षीची पेरणी तिथेच झाली.

२२ सप्टेंबर

हिवाळी बी. वर्षातलं सगळ्यात नाजूक काम हे, आणि ते नेमकं ऑक्टोबर हीटच्या तोंडावर करावं लागतं.

पेटुनियाचं बी म्हणजे धूळ. एका ग्रॅममध्ये हजारोंनी भरतं. कोरड्या बारीक रेतीत मिसळून, चाळणीने भुरभुरवून टाकलं. वर माती टाकायची नाही, त्याला उगवायला उजेड लागतो. वरून पाणी घातलं तर सगळं बी एका कोपऱ्यात वाहत जाऊन बसतं, म्हणून ट्रे पाण्याच्या परातीत ठेवायचा आणि ओल खालून वर चढू द्यायची. वर काच. कोंब दिसले की त्याच दिवशी काच दूर, नाहीतर रोपं बुंध्याशी बारीक होऊन कोलमडतात.

मुंग्यांना अडवायला परातीतलं पाणीच पुरतं. फ्लॉक्सचं बी त्या पळवतात, पेटुनियाचं तर त्यांच्या पायालाच चिकटून जात असेल.

बाकी : डायन्थस, व्हर्बिना, फ्लॉक्स, डॉग फ्लॉवर, कॅलेंडुला, पॅन्झी. पॅन्झी अजून पेरली नाही, तिला थंडी पाहिजे, ऑक्टोबरच्या मध्यानंतर.

पहिल्या मजल्यावरच्या वहिनींना महाबळेश्वरला पाहिलेली निळी हायड्रेंजिया हवी आहे. त्यांना सांगितलं की तिचा निळा रंग मातीतून येतो. माती आम्ल असली, सामू साडेपाचच्या खाली, की तिच्यातलं ॲल्युमिनियम विरघळतं, झाड ते उचलतं आणि फूल निळं होतं. आपल्या ८.२ वर तेच झाड गुलाबी फुलेल, तेही मे महिन्यातून वाचलं तर. निळं पाहिजे ना, लार्कस्पर पेरू. त्याला रोप उपटून दुसरीकडे लावलेलं आवडत नाही, म्हणून ऑक्टोबर संपताना सरळ वाफ्यात टाकायचं. वहिनींचं समाधान झालं नाही. होईल.

१४ ऑक्टोबर

दसरा झाला. झेंडू वेळेवर आला, तोरणं सगळ्यांची झाली आणि बाजारातून आणायला कोणाला जावं लागलं नाही. शनिवारी गर्दीच्या दिवशी दीक्षाभूमीकडचा रस्ता टाळून सीताबर्डीला जायचं म्हणजे तासभर गेला असता.

गुलाबाची छाटणी केली. बाहेरच्या दिशेला तोंड असलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर, तिरपा काप. कलमाच्या जोडाखालून एक लांबलचक जोमदार फांदी आली होती, सगळ्यांना तीच आवडायची. ती जंगली खुंटाची. बुडापासून ओरबाडून काढली.

बोगनवेल छाटून हलकी केली. पाऊस गेला, आता तिचं पाणी बंद.

१० नोव्हेंबर

शेवंतीचा गोंधळ.

कुंड्या पट्टीभर ओळीने मांडल्या आहेत. पूर्वेकडच्या कुंड्यांत कळ्या टच्च भरल्यात, पिवळी तर उमलायला लागली. पश्चिमेच्या शेवटच्या दहा फुटांतल्या कुंड्यांत एकही कळी नाही. काश्या त्याच, माती तीच, खुडणीचा दिवस तोच, पाणी घालणारा माणूस तोच. झाडं उलट जास्त तजेलदार आणि उंच. माळीदादांना वाटलं तिकडे खत जास्त पडलं.

रात्री दहाला खाली गेले आणि उत्तर डोक्यावरच होतं. सप्टेंबरात खांबावर नवा एलईडी दिवा बसला, पांढरा, प्रखर. शेवटच्या दहा फुटांत मी पाकिटावरची बारीक अक्षरं वाचू शकले.

शेवंती रात्र मोजते. वॉशिंग्टनजवळ शेती खात्यात काम करणाऱ्या गार्नर आणि अ‍ॅलर्ड या दोघांनी १९२० मध्ये दाखवून दिलं की तंबाखूचा एक वाण दिवस लहान झाल्याशिवाय फुलतच नाही. पुढे १९३८ मध्ये आणखी दोघांनी सिद्ध केलं की झाड खरं तर दिवस मोजत नाही, सलग अंधार मोजतं. मध्यरात्री थोडा वेळ दिवा लावला तरी मोजणी मोडते. नागपुरात जूनमध्ये दिवस जवळजवळ साडेतेरा तासांचा असतो, आता तो साडेअकराच्याही खाली आलाय. पूर्वेकडच्या कुंड्यांना हिवाळ्याची खबर सप्टेंबर-ऑक्टोबरातच मिळाली. दिव्याखालच्यांच्या लेखी अजून जून चालू आहे, म्हणून त्या पाला वाढवतायत. व्यापारी शेवंतीवाले हेच मुद्दाम करतात, दिवे लावून फूल लांबवतात.

सचिव म्हणाले, महापालिकेला अर्ज करू. दिवा बायका-मुलांच्या येण्याजाण्यासाठी आहे, शेवंतीसाठी तो काढा म्हणणं मला पटत नाही. कुंड्या हलवणं सोपं. बहुतेक कुंड्या इमारतीच्या मागच्या अंधाऱ्या बाजूला नेल्या, दिवसा तिथे दुपारपर्यंत ऊन असतं. दोन तिथेच ठेवल्या, बघायला.

रिकाम्या झालेल्या जागेत पेटुनियाची रोपं लावली. पेटुनिया शेवंतीच्या उलट, तिला लांब दिवस आवडतो.

१ डिसेंबर

बोगनवेलीवरून भांडण. लिहून ठेवण्यासारखं आहे.

ड्रममधली बोगनवेल लालजर्द झाली. जमिनीतली अजून हिरवी. सचिव रोज संध्याकाळी पाइप घेऊन तिच्यापाशी उभे राहतात हे आम्हाला आज कळलं. माळीदादांनी पाइप हातातून काढून घेतला.

"साहेब, तुमी तिले रोज पाणी पाजता. तिनं फूल कायले द्यावं?"

"अरे, पानं मलूल दिसतात. मरेल ना ती."

"नाही मरत जी. आमी संत्र्याले ताण नाही देत का? पूस लागला का पाणी तोडाचं, पानं गुंडाळली पायजे, मंग पाणी. तवा कुठं आंबिया बहार येते. पाणी चालू ठेवलं त निसता पाला."

पूस म्हणजे पौष, आंबिया बहार म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीचा. दुसरा मृग बहार, त्यासाठी ताण एप्रिल-मेमध्ये. काटोल-नरखेडचा माणूस हे शाळेत शिकत नाही, ते त्याला घरीच कळतं. झाडाला पाणी मिळेनासं झालं की वाढ थांबते, साठवलेलं अन्न नव्या पाल्यावर खर्च होत नाही, आणि मग पाणी मिळालं की फूट निघते ती फुलाची. बोगनवेलीला तर ताणातच रंग येतो. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, भारी काळ्या जमिनीत महिना-दीड महिना लागतो, कारण खालच्या थरात ओल धरून असते. म्हणूनच ड्रमवाली आधी फुलली. तिच्याकडे साठाच नाही. जमिनीतलीला सचिवांचा साठा चालू होता.

सचिवांना जवळ बोलावून एक घोस दाखवला. आपण ज्याला फूल म्हणतो ती तीन रंगीत पानं, कागदासारखी, शिरा स्पष्ट. प्रत्येकाच्या मधल्या शिरेवर आतून चिकटलेली एक बारीक नळी, आगपेटीच्या काडीएवढी, टोकाला पांढरट चांदणी. फूल ती. तीन पानं, तीन चांदण्या. ही वेल ब्राझीलची, १७६० च्या दशकात फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ कॉमर्सनने नोंदली आणि आपल्या जहाजी मोहिमेच्या प्रमुखाचं, बोगनव्हिलचं नाव तिला दिलं. सचिव वीस वर्षं या झाडाखाली गाडी लावतात, चांदणी त्यांनी आज पाहिली.

पाइप कपाटात.

१७ डिसेंबर

अधिवेशन सुरू, सिव्हिल लाइन्सकडे जायची सोय नाही. थंडी पडली.

पेटुनिया : दिव्याखालच्या दहा फुटांत फुलायला लागली. पूर्वेकडची त्याच ट्रेमधली रोपं अजून बुटकी, पसरलेली, कळीही नाही. फरक आठवड्याहून जास्तच पडेल असं दिसतंय.

मागच्या बाजूला नेलेल्या शेवंतीत ज्वारीच्या दाण्याएवढ्या कळ्या. दिव्याखाली ठेवलेल्या दोन कुंड्यांत शेंड्याला एकेक वेडीवाकडी कळी, भोवती पानांचा गुच्छ, उमलायचं नाव नाही.

जमिनीतली बोगनवेल : पानं दुपारी लोंबतात, सकाळी सावरतात. टोकांना लाली.

१५ जानेवारी २०२५

काल संक्रांत. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी पट्टीसमोर रांग लावली होती, मला वाटलं वाण घ्यायला, फोटोसाठी होती.

सगळं एकदम फुललंय. लार्कस्पर खरोखर निळा आहे, वहिनींनी स्वतःहून सांगितलं. डायन्थस, व्हर्बिना, फ्लॉक्स. पॅन्झीला सकाळचं धुकं मानवतं. मागची शेवंती आता पूर्ण उमलली, पूर्वेकडची केव्हाच सुकून गेली होती. म्हणजे दिव्याने आम्हाला शेवंतीचा दुसरा हंगाम फुकट दिला. पुढच्या वर्षी हे ठरवून करायचं : निम्म्या कुंड्या ऑक्टोबर संपेपर्यंत दिव्याखाली, मग मागे.

इक्झोराची नवी पानं हिरवी. आजोबा खिळ्यांचं श्रेय घेतात. घेऊ दे.

मावा आला आहे, शेवंतीच्या शेंड्यांवर आणि कॅलेंडुलाच्या देठांवर काळा थर. आधी पाण्याचा जोरदार फवारा पानाच्या खालून. दोन दिवसांनी पुन्हा दिसला तर लिटरला ५ मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी, सूर्य कलल्यावर. दुसऱ्या मजल्यावरून रासायनिक औषधाची बाटली खाली आली, परत पाठवली. ठिपकेवाल्या ढालकिड्यांच्या अळ्या माव्यावर तुटून पडल्यात, औषध मारलं तर त्या आधी मरतील.

सुकलेली फुलं रोज काढायची. बी धरू दिलं की झाड समजतं काम झालं. मुलांना हे काम आवडतं, पेटुनियाचं चिकट फूल सोडून.

२३ फेब्रुवारी

ऊन बदललं. दुपारी अंगणात चटका बसतो, कूलर साफ करायची चर्चा चालू झाली.

पॅन्झी संपली. पेटुनिया लोळायला लागली, निम्म्यावर छाटली, पातळ शेणपाणी दिलं, मार्चच्या मध्यापर्यंत एक फेर निघेल. बी धरायला ठेवलं : कॅलेंडुला, लार्कस्पर, फ्लॉक्स, झेंडू. पेटुनियाचं पाकीट संकरित होतं, त्याचं बी धरून उपयोग नाही, पुढची झाडं आईसारखी निघत नाहीत.

शेवंती चार बोटं ठेवून कापली, कुंड्या उत्तरेच्या सावलीत. मे महिन्यात या कुंड्या वाचल्या तरच जुलैत काश्या, म्हणून हिरवी जाळी आणायची, ५० टक्क्यांची. दुकानदार ७५ ची देतो, तिच्याखाली रोपं लांबट होतात.

१६ मार्च

धुळवडीचे रंग पट्टीतल्या डायन्थसवर पडले, धुतले तरी जात नाहीत, दोन रोपं निळी आहेत. वहिनी खूश.

गोरेवाड्याकडे पळस पेटलाय. आमच्याकडे दोन्ही बोगनवेली पूर्ण रंगात, आता कुठे त्यांना महिन्यातून एकदा भरपूर पाणी. रिकाम्या जागी ऑफिस टाइमचे तुकडे खोचले, बोटभर काडी कोरड्या मातीत टोचली तरी धरते. सज्ज्याखालच्या सदाफुल्या उन्हात आणल्या. तळमजल्यावरच्या काकूंनी अडेनियमची दोन रोपं दिली, बीपासून केलेली.

खर्च मंजूर रकमेच्या आत. सगळ्यात जास्त गेला विटांवर आणि त्या खालोखाल लोहाच्या पाकिटावर.

काल सभेत तीन गोष्टी पास झाल्या. पश्चिमेचे दहा फूट हिवाळ्यात पेटुनियाला. कूलरच्या पाण्याची चिठ्ठी एप्रिलमध्ये पुन्हा, या वेळी लॅमिनेट करून. आणि गेटाजवळच्या नळाला कुलूप, चावी माळीदादांकडे. तिसऱ्या ठरावावर सचिवांनी आपलं मत विरोधात नोंदवून घेतलं.